गाडीने काय वाहिले, ते आधी विचारा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

कोल्हापुरात जुनी पिकअप घ्यायला चार माणसे निघाली, की त्यांतल्या एकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘इंजिन कसं हाय?’ विकणाऱ्याचे उत्तरही ठरलेले असते : ‘इंजिन म्हंजे एकदम ओक्के!’ मग बॉनेट वर उचलले जाते, किल्ली फिरते, एकजण डोके आत घालून आवाज ऐकतो, दुसरा सायलेन्सरपाशी हात धरतो आणि तिसरा समजल्यासारखी मान हलवतो. पाच मिनिटांत मत तयार होते. चहा होतो. इसार दिला जातो.

हा प्रश्न चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. पण तो अपुरा आहे. आणि नेमका हाच प्रश्न आपल्या तोंडात पहिला का बसला, याला एक इतिहास आहे. तो इतिहास आपल्या गावाच्या अभिमानाचाही आहे. आज तो थोडा उलगडून पाहू, कारण त्यात जुनी गाडी घेणाऱ्याच्या कामाचे बरेच काही दडलेले आहे.

सुरुवात दुसऱ्या महायुद्धापासून करावी लागते. त्या युद्धात हिंदुस्थान हा दोस्त राष्ट्रांचा मोठा तळ होता. ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठी इथे जीप, ट्रक, तोफा ओढणाऱ्या गाड्या असा मोठा ताफा उतरला होता. १९४५ मध्ये युद्ध संपले. एवढी वाहने परत नेणे कुणालाच परवडणारे नव्हते. त्यांतली पुष्कळशी लिलावात निघाली आणि ‘डिस्पोजलचा माल’ हा शब्द आपल्या बाजारपेठेत रूढ झाला. आपल्याकडच्या कितीतरी लोकांनी आयुष्यात पहिल्यांदा जी मोटार जवळून पाहिली, ती अशी, कुणीतरी वापरून टाकलेली होती. म्हणजे जुन्या गाडीचा बाजार हा काही आजकालचा प्रकार नव्हे. नव्या गाडीची ओळख होण्याआधीच जुन्या गाडीशी आपला घरोबा झाला होता.

पुढे स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनी विलिस जीपचे भाग परदेशातून आणून मुंबईत जोडायला सुरुवात केली. जीपचा गुण असा, की तिच्यात लपवण्यासारखे काही नव्हते. चार पाने, एक हातोडा आणि दोन तासांचा उजेड एवढ्यावर अर्धी गाडी खोलता येत असे. ती खोलणारी माणसे कोल्हापुरात तयार होती.

ती तयार होती, कारण आपल्या नद्या. पंचगंगा, भोगावती, कृष्णा यांच्या काठावरच्या शेतकऱ्याला उसाला पाणी द्यायचे होते. त्यासाठी ऑइल इंजिन हवे होते. शिवाजी उद्यमनगरात आणि शहराच्या आसपास त्या गरजेतून भट्ट्या पेटल्या, लेथ फिरू लागले. बिडाचे ओतकाम, बोअर मारणे, क्रँक घासणे, स्लीव्ह बसवणे ही कामे इथल्या मिस्त्र्यांच्या हातात मुरली. माझे वडील तिथेच एका वर्कशॉपमध्ये लेथवर होते. सुटा भाग मुंबईला मिळत नाही असे गिऱ्हाईक म्हणाले, की ते विचारायचे, ‘जुना तुकडा आहे का?’ जुना तुकडा मिळाला, की त्याच्या मापाने नवा तयार. आज शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल इथल्या औद्योगिक वसाहतींतून देशभरच्या वाहन कारखान्यांना ओतीव भाग जातात, त्याची मुळे या ‘जुना तुकडा आहे का’ मध्ये आहेत.

तेव्हा आपल्या बापजाद्यांनी ‘इंजिन कसं हाय’ असे विचारले, त्यात शहाणपण होते. त्या काळात गाडी म्हणजे इंजिनच होते. बाकी सगळे लोखंड जाड होते, ओझे बेताचे होते. इंजिन बिघडले तर उद्यमनगर होतेच. प्रश्न एवढाच असायचा, की खर्च किती येणार.

आता ‘टेम्पो’ या शब्दाकडे वळू. तो आपण इतका मराठी करून टाकला आहे, की ते एका कंपनीचे नाव होते हे आठवतही नाही. जर्मनीत हॅम्बुर्गजवळ विडाल अँड सोन ही कंपनी टेम्पो नावाची छोटी मालवाहू वाहने बनवत असे. तिच्याशी करार होऊन १९५८ मध्ये बजाज टेम्पो ही कंपनी उभी राहिली. नवलमल फिरोदिया हे तिचे शिल्पकार. आकुर्डीचा तिचा कारखाना पुढे सगळ्या महाराष्ट्राला माहीत झाला. २००५ मध्ये कंपनीचे नाव बदलून फोर्स मोटर्स झाले, पण आपल्या तोंडचा टेम्पो तसाच राहिला. पहिली गाडी तीन चाकी, हॅन्सीट नावाची : पुढे एक चाक, मागे दोन. मग १९६९ मध्ये चारचाकी मॅटॅडोर आली. मॅटॅडोर म्हणजे स्पेनमधला बैलाशी झुंजणारा खेळाडू. आपल्याकडे तिने बैलगाडीचेच काम हिसकावून घेतले, हा योगायोग मोठा मजेशीर आहे.

याच काळात जिल्ह्यात आणखी एक गोष्ट घडत होती. १९६३ मध्ये जिल्हा दूध संघ, म्हणजे आपला ‘गोकुळ’, स्थापन झाला. गावोगावचे दूध रोज दोन वेळा, ठरलेल्या वेळेत शीतकरण केंद्रावर पोचायला हवे होते. ऊस एक दिवस थांबेल, गूळ महिनाभर थांबेल, दूध तासभर थांबत नाही. बैलगाडीच्या तालावर चालणाऱ्या खेड्यात घड्याळाच्या तालावर चालणारे वाहन या दुधाने आणले. पहाटे कॅन आपटल्याचा आवाज आणि त्यामागून टेम्पोचा घरघराट, ही आमच्या पिढीची भूपाळी होती.

१९८० च्या दशकात मोठा बदल झाला. जीपमध्ये डिझेल इंजिने सर्रास दिसू लागली. जपानी कंपन्यांच्या सहकार्याने हलके ट्रक देशात बनू लागले. टेल्कोने १९८६ मध्ये ४०७ आणली आणि १९८८ मध्ये टाटामोबाईल ही पिकअप. तिच्याच घराण्यातली २०७ पुढे आपल्या रस्त्यांवर इतकी दिसू लागली, की ‘टू-झिरो-सेव्हन’ हे खेड्यातल्या आजीलाही म्हणता येऊ लागले. दिवसा माल आणि बाजारच्या दिवशी माणसे, असा ‘वडाप’चा धंदाही याच गाड्यांवर आणि जीप-ट्रॅक्सवर पोसला गेला. कायद्याने तो चूक होता, पण एसटी चुकलेल्या माणसाला तोच आधार होता.

आणि मग २००५ चा मे महिना. टाटा एस बाजारात आली. लोकांनी तिचे नाव ठेवले ‘छोटा हत्ती’. दोन सिलिंडरचे ७०२ सीसीचे डिझेल इंजिन, सोळा अश्वशक्ती, पाऊण टन माल, आणि किंमत सव्वादोन लाखांच्या आसपास. नोकरी नसलेल्या पोराला कर्ज काढून स्वतःचा मालक होता येऊ लागले. ही फार मोठी गोष्ट होती. पुढे महिंद्राच्या पिकअप, २०११ मध्ये अशोक लेलँडची दोस्त, २०१६ मध्ये मारुतीची सुपर कॅरी अशी रांग लागली.

पण हप्ता पाऊण टनाच्या भाड्यात भागत नव्हता. म्हणून गाडी दीड टन भरली जाऊ लागली. छोट्या हत्तीवर मोठ्या हत्तीचे ओझे पडले. आणि इथेच आपला जुना प्रश्न अपुरा पडू लागला. जास्त ओझ्याने इंजिन दमते हे खरे, पण इंजिन दुरुस्त होते. ओझ्याने गाडीचा सांगाडा, म्हणजे चेसीस, वाकतो आणि तडकतो. त्याला डागडुजी करता येते, त्याची मूळची ताकद परत येत नाही.

आमच्या वडिलांच्या जोडीचे एक मिस्त्री होते. गिऱ्हाईक गाडी दाखवायला आले, की ते बॉनेट उघडायचेच नाहीत. आधी गाडीखाली आडवे व्हायचे. कुणी म्हणाले, ‘मामा, इंजिन बघा की!’ तर खालूनच उत्तर यायचे, ‘इंजिन मी करून दीन. चेसीस तुला कोण करून देणार?’ आजच्या भाषणाचा अर्धा सारांश या एका वाक्यात आहे. उरलेला अर्धा शेवटी सांगेन.

म्हणून माझे पहिले सांगणे असे : जुनी पिकअप बघायला गेलात, की किती किलोमीटर चालली हे नंतर विचारा. मीटर मागे फिरवता येतो. तिने काय वाहिले, हे आधी विचारा. प्रत्येक मालाचा आपला एक रोग असतो आणि तो गाडीला जडतो.

मासळीची गाडी घ्या. रत्नागिरी, मालवणकडून बर्फात घातलेली मासळी घाट चढून येते. बर्फ वितळतो, खारे पाणी हौद्याच्या फटींतून खाली ठिबकते आणि चेसीसच्या कोपऱ्यांत साठते. लोखंडाला साध्या पाण्यापेक्षा मिठाचे पाणी कितीतरी लवकर खाते. वरून रंग चकचकीत असतो. खाली पेचकसाच्या मुठीने ठोकून बघा. खणखणीत आवाज आला तर लोखंड शाबूत आहे. बद्द आवाज आला किंवा पापुद्रे निघाले, तर हात जोडून परत फिरा.

दुधाच्या गाडीचे दुखणे वेगळे. ओझे बेताचे, पण दर अर्ध्या किलोमीटरला थांबणे आणि निघणे. त्यामुळे क्लच, ब्रेक आणि स्टार्टर यांची झीज मैलांच्या हिशेबाने नाही, थांब्यांच्या हिशेबाने होते. रोज धुतल्यामुळे हौद्याचा तळ कुजतो. हे सगळे दुरुस्त होण्यासारखे आहे. किंमत त्या मानाने पाडून घ्या.

वीट, वाळू, खडी आणि आपल्या फौंड्रीचे ओतीव भाग यांची गाडी सगळ्यांत सांभाळून घ्यावी. हा माल जागा थोडी घेतो आणि वजन भलतेच भरते. हौदा अर्धा रिकामा दिसतो, गाडी मात्र दुप्पट भरलेली असते. अशा गाडीचे मागचे पाटे मोजा. कंपनीने दिलेल्यापेक्षा एखादा जादा पाटा घातला असेल, तर मालकाने न बोलता सगळे सांगितले असे समजा. पाटे सरळ झाले आहेत का, एका बाजूला गाडी बसली आहे का, ते लांबून बघा. केबिनच्या मागे आणि पाट्यांच्या आधारापाशी चेसीसवरून बोट फिरवा. तडा बहुधा तिथेच जातो. तिथे वेल्डिंगची रेघ किंवा तेवढ्याच भागात ताजा काळा रंग दिसला, तर कारण विचारा. एक सुतळी घ्या. डावीकडच्या पुढच्या आणि मागच्या चाकांतले अंतर मोजा, तेच उजवीकडे मोजा. जुळले नाही, तर गाडीने कधीतरी मोठा धक्का खाल्ला आहे. टायर एकाच कडेने झिजलेले असतील, तर तीही त्याचीच साक्ष.

या उलट कापडाची गाडी. गांधीनगरच्या पेठेतून कापडाचे गठ्ठे वाहणारी गाडी पुष्कळदा चांगली निघते. जाता जाता सांगतो, जिथे आज ही पेठ आहे, तिथे वळिवड्याच्या माळावर १९४३ ते १९४८ या काळात युद्धाने घरदार गमावलेल्या सुमारे पाच हजार पोलिश लोकांची छावणी होती. ते गेले आणि फाळणीने घर गमावलेले सिंधी बांधव तिथे आले. दोन निर्वासितांच्या वस्त्यांतून उभी राहिलेली ही पेठ आहे. तिच्या मालाचे वजन बेताचे आणि रस्ता बहुतेक सपाट. पण याही गाडीला घाटाची सवय आहे का, ते विचारावे. गगनबावडा, आंबा, फोंडा हे घाट रोज उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक आणि गिअरबॉक्स लवकर थकतात. चालताना दुसरा गिअर आपोआप बाहेर येतो का, मागच्या डिफरन्शियलमधून रडल्यासारखा आवाज येतो का, याकडे कान द्या.

आता इंजिन. ते बघायचेच नाही, असे मी म्हणत नाही. पण बघण्याची रीत आहे. सकाळी, न सांगता लवकर जा आणि आधी बॉनेटवर हात ठेवा. इंजिन गरम लागले, तर तुमच्यासाठी ते आधीच चालू करून ठेवले आहे. थंड इंजिनच खरे बोलते. सुरू झाल्यावर धूर बघा. सुरुवातीला थोडा पांढरा आला आणि गेला, तर चिंता नाही. गरम झाल्यावरही पांढरा येत राहिला, तर पाणी आत जात असेल किंवा डिझेल नीट जळत नसेल. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे, रिंगा-पिस्टनचे काम निघणार. दाट काळा म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी : पंप, नोझल, फिल्टर किंवा टर्बो. ऑइल भरायचे झाकण सैल करून ठेवा. त्यातून फुसफुस वाफ येत झाकण उडू पाहत असेल, तर त्यालाच मिस्त्री बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग दिसला, तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा. मात्र रेडिएटरचे झाकण इंजिन थंड असतानाच उघडायचे, नाहीतर हात भाजेल.

आणि गाडी रिकामी फिरवून बघू नका. रिकामी गाडी सगळ्यांचीच चांगली चालते. थोडा माल भरा आणि जोतिबाच्या नाहीतर पन्हाळ्याच्या चढाला घेऊन जा. क्लच घसरतो का, पाणी तापते का, उतरताना गाडी ब्रेकला एका बाजूला ओढते का, हे सगळे एका फेरीत कळते. देवदर्शनही होते.

गेल्या काही वर्षांत आपल्या भागात एक नवा रोग आला आहे : महापुराचा. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर आपण विसरणे शक्य नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी त्याच्याही कितीतरी वर गेले आणि शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग काही दिवस बंद राहिला. किती गाड्या पाण्यात उभ्या होत्या, ते आपण डोळ्यांनी पाहिले. त्यांतल्या काही विमा कंपन्यांनी निकालात काढल्या, लिलावात गेल्या, धुऊन-पुसून पुन्हा रस्त्यावर आल्या. दुरुस्त करून प्रामाणिकपणे सांगून विकली, तर त्यात गैर काही नाही. न सांगता विकली, तर ती फसवणूक आहे.

पुरातली गाडी ओळखायची कशी? सीटच्या खालचे बोल्ट, डॅशबोर्डच्या आतली बाजू, फ्यूजची पेटी इथे बारीक गाळ राहतो. धुणाऱ्याचा हात तिथे पोचत नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, पाण्याची रेघ दिसते. डिफरन्शियल किंवा गिअरबॉक्सचे ऑइल दुधासारखे झाले असेल, तर आत पाणी शिरलेले आहे. पाण्यात बुडालेले इंजिन कुणी तसेच सुरू केले असेल, तर आणखी वाईट. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. म्हणून पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. असे इंजिन काही महिने चालते आणि एके दिवशी रस्त्यातच हात वर करते.

दुसरा नवा प्रकार म्हणजे नव्या नियमांची इंजिने. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ लागू झाले. हवेसाठी ते चांगलेच झाले. पण डिझेलच्या या गाड्यांत सेन्सर, संगणक आणि अनेकींत धुराची काजळी धरून ठेवणारा फिल्टर आला. थोड्या थोड्या अंतराच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत हा फिल्टर पुरेसा तापत नाही आणि चोंदतो. इथे ‘जुना तुकडा आहे का’ हा माझ्या वडिलांचा प्रश्न चालत नाही. सेन्सर लेथवर बनत नाही. म्हणून अशी गाडी घेताना किल्ली फिरवल्यावर डॅशबोर्डवरचा इंजिनचा दिवा आधी पेटतो आणि मग विझतो, हे बघा. मुळीच पेटला नाही, तर तो कुणीतरी काढून ठेवलेला असेल. स्कॅनर लावून तपासणाऱ्या माणसाला दोन पैसे द्या, ते वाया जात नाहीत.

आता उरलेला अर्धा सारांश. तो मला आमच्या घरातच शिकावा लागला.

माझ्या थोरल्या भावाचा एक टेम्पो होता. बरीच वर्षे चालवला, मग विकला. घेणारा ओळखीचा, शेजारच्या गावचा. स्टॅम्पपेपरवर लिहून झाले, पैसे मिळाले, किल्ली दिली. ‘नावावर करून घेतो की दादा, पुढच्या महिन्यात पासिंगला जायचंच हाय,’ असे तो म्हणाला. त्याने पुढे तिसऱ्याला विकला. तिसऱ्याने कुठे नेला, ते कुणाला ठाऊक नव्हते. दोन वर्षांनी आमच्या दारात नोटीस आली. त्या टेम्पोने एका सायकलवाल्याला उडवले होते. माणूस दगावला होता. विमा संपलेला होता. आणि आरटीओच्या कागदावर मालक म्हणून माझ्या भावाचे नाव होते. तो टेम्पो त्याने दोन वर्षांत डोळ्यांनीही पाहिला नव्हता. त्या माणसाच्या घरी लहान मुले होती, हे कळल्यावर भाऊ कितीतरी दिवस नीट जेवला नाही. ‘गाडी माझी नव्हती’ हे त्याला सगळ्यांना सांगता आले, स्वतःला सांगता येईना. निकाल लागेपर्यंत त्याने तारखांना जाताना दरवेळी तो स्टॅम्पपेपर प्लास्टिकच्या पिशवीत घालून नेला. त्या कागदाचा उपयोग झाला नाही.

२०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच गोष्ट स्वच्छ सांगितली : नोंदणीत ज्याचे नाव आहे, तोच भरपाईच्या बाबतीत मालक. त्याने गाडी विकली असेल, पुढे ती कितीही हातांतून गेली असेल, अपघातात सापडलेल्या माणसाने खऱ्या मालकाचा शोध घेत हिंडायचे का, असा त्यामागचा विचार आहे. आणि तो न्यायाचा आहे.

म्हणून कागद. मोटार वाहन कायद्याप्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकली, तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत आरटीओला कळवायचे असते. त्यासाठी २९ आणि ३० नंबरचे फॉर्म. आरसीवर बँकेचा बोजा असेल, तर कर्ज फिटल्याचा ३५ नंबरचा फॉर्म आणि बँकेचा ना-हरकत दाखला हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. हप्ते थकले म्हणून ओढून आणलेली गाडी स्वस्त मिळते, तिथे तर ही खबरदारी दुप्पट घ्या. आपल्याला कर्नाटक जवळ आहे. केए २२, केए २३ च्या गाड्या इथे विकायला येतात. त्यांना तिकडच्या आरटीओचा ना-हरकत दाखला लागतो आणि इकडचा कर वेगळा भरावा लागतो; तो हिशेब करूनच किंमत बोला. चेसीस नंबर आरसीवरच्या नंबराशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. दंडाच्या पावत्या थकल्या आहेत का, पासिंग कधी संपते, हे आता मोबाईलवर दिसते. मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी पासिंग करावे लागते, तो खर्चही धरा. विमा आपल्या नावावर करण्यासाठी चौदा दिवसांत अर्ज करा. आणि विकणारे तुम्ही असाल, तर ‘पुढच्या महिन्यात’ ऐकून घेऊ नका. घेणाऱ्याबरोबर स्वतः आरटीओत जा.

गाडीचे वय वाढले म्हणून ती वाईट होत नाही. दसऱ्याला दसरा चौकात छत्रपती घराण्याची मेबॅक येते, तेव्हा आपण टाचा उंचावून बघतो. १९३० च्या दशकातली ती गाडी आहे. तिने काय वाहिले, कुणी सांभाळले, हे सगळ्या गावाला माहीत आहे. आपल्या पिकअपच्या नशिबी मिरवणूक नाही. ती दूध वाहते, विटा वाहते, लग्नातली भांडी वाहते आणि पुराच्या दिवसांत माणसेही वाहते. पण तिचाही इतिहास असतो आणि विकत घेताना आपण तो सगळा विकत घेतो, मागच्या मालकाने भरलेल्या जादा ओझ्यासकट.

तेव्हा बघण्याचा क्रम उलटा करू या. आधी कागद, मग चेसीस, मग इंजिन. गाडीच्या किमतीतला पाचवा हिस्सा पहिल्या दुरुस्तीसाठी बाजूला राखून ठेवा. ओळखीच्या मिस्त्रीला बरोबर न्या आणि त्याला गाडीखाली आडवे होऊ द्या. इंजिन उद्यमनगरात बनते. चेसीसला डागडुजी होते. पण दुसऱ्याच्या नावावर राहिलेल्या कागदाला अजून कुठल्या मिस्त्रीने वेल्डिंग मारलेले मी पाहिलेले नाही.